एआयचा इशारा आला, आता फिटरनं काय करायचं?

मी मेंटेनन्समधला सुपरवायझर. मोटर, पंप, गिअरबॉक्सवर सेन्सर लावून ‘हे बेअरिंग जाणार’ असं आधीच सांगणाऱ्या एआय यंत्रणेबरोबर माझी माणसं काम करतात. अशी यंत्रणा आली की वरून एक उद्दिष्टही येतं: कामगारांचा तिच्यावरचा विश्वास वाढवा. मला हे अर्धवट वाटतं. यंत्रणा बरोबर असेल तेव्हा फिटरनं तिचं ऐकावं आणि चुकत असेल तेव्हा तिला अडवावं, एवढं जमलं तरी पुष्कळ. डोळे झाकून विसंबणं आणि साफ दुर्लक्ष करणं, ही स्वयंचलित यंत्रणांभोवतीची दोन्ही दुखणी राजा परासुरामन आणि व्हिक्टर रायली या संशोधकांनी १९९७ मध्येच मांडून ठेवली आहेत.

पहिलं काम गणिताचं. ते यंत्रणा सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर फळ्यावर करा. समजा १००० बेअरिंग आहेत आणि त्यांतली १० खरंच जाण्याच्या बेतात आहेत. यंत्रणा त्या दहातली ९ पकडते. उरलेल्या ९९० चांगल्यांपैकी ५ टक्क्यांवर ती उगाच बोट ठेवते, म्हणजे साधारण ५०. एकूण इशारे ५९, खरे ९. विक्रेता हिलाच ‘९५ टक्के अचूक’ म्हणतो आणि हिशेबानं तो खोटंही बोलत नाही. (कधीच इशारा न देणारी यंत्रणा याच हिशेबानं ९९ टक्के अचूक ठरते, हे त्याला जरूर ऐकवा.) फिटरच्या वाट्याला मात्र सहा-सात फेऱ्यांमागे एक खरी फेरी येते. हे त्याला आधी सांगितलं नसेल तर थोड्याच दिवसांत तो इशारा न वाचताच बंद करू लागतो. त्याला दोष कसा देणार?

म्हणून ठरवून घ्या: इशारा म्हणजे ‘मशीन खोला’ नव्हे, ‘जाऊन बघा’. हातातल्या मीटरनं कंपन मोजा, तापमान बघा, ग्रीस बघा, मुळात सेन्सर घट्ट बसलाय का ते बघा. काही मिनिटांची तपासणी असेल तर बहुतेक इशारे खोटे निघाले तरी चालतं. प्रत्येक वेळी लाइन थांबवावी लागणार असेल तर अजिबात चालत नाही. इशाऱ्याची पातळीही सरसकट एक नको. स्टँडबाय असलेला पंप आणि ज्याच्यावाचून सगळं ठप्प होतं तो पंप यांना वेगळी मापं लावा, आणि ती फिटरांना बरोबर बसवून ठरवा.

सुरुवातीचा काळ यंत्रणा मुकी चालवा. इशारे एक-दोघांनाच दिसू द्या. फिटर नेहमीच्या फेरीत आपलं मत आधी लिहील, मग यंत्रणेचं मत त्याच्या शेजारी मांडायचं. हा क्रम उलटा करू नका. स्क्रीन आधी पाहिली की मशीनचा आवाजही स्क्रीन सांगते तसाच ऐकू येतो. या वहीतून मॉडेलच्या, म्हणजे यंत्रणेतल्या अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खोडी बाहेर पडतात. बेअरिंगमधल्या दोषाची कंपनं शाफ्टच्या वेगावर अवलंबून असतात. रात्रपाळीत ड्राइव्हचा, म्हणजे शाफ्ट फिरवणाऱ्या मोटरचा, वेग उतरवतात हे मॉडेल बनवणाऱ्याला माहीत नसेल, तर रोज रात्री नवा घोळ. फिटरला ते पाठ असतं. त्याच्या सांगण्यावरून दुरुस्ती झाली की ती त्याचं नाव घेऊन सगळ्यांना सांगा. प्रशिक्षणाच्या सगळ्या स्लाइडपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

स्क्रीनवर ‘धोका ८७ टक्के’ एवढंच येत असेल तर बदलून घ्या. त्यावर वाद घालता येत नाही. ‘ड्राइव्हकडच्या बेअरिंगचं आडवं कंपन आठवडाभर चढतंय, तापमान जागेवर आहे’ असं आलं तर फिटर म्हणू शकतो, ‘अहो, गेल्या आठवड्यातच कपलिंग बदललंय, आधी अलाइनमेंट बघू.’ (कपलिंग म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, अलाइनमेंट म्हणजे ते एका रेषेत असणं.)

आता खरा मुद्दा: नाकारण्याचा अधिकार. डीटव्होर्स्ट, सिमन्स आणि मॅसी यांचं २०१८ चं संशोधन सांगतं की यंत्रणेच्या अंदाजात थोडासा जरी फेरफार करू दिला, तरी लोक तो अंदाज वापरायला जास्त तयार होतात. मग ‘नाकारा’ हे बटण द्या आणि कारणाची एक ओळ मागा. पण बटणानं काम भागत नाही. तपासणी करून इशारा नाकारला आणि पुढे मशीन बसलं, तर फिटरवर ठपका येणार का? इशारा मानून लाइन थांबवली आणि आत काहीच निघालं नाही, तर उत्पादन विभागाचा ओरडा कोण खाणार? या दोन प्रश्नांची उत्तरं प्लांट हेडच्या सहीनं लेखी घ्या. ती मिळेपर्यंत फिटर स्वतःची मान वाचवणारंच उत्तर निवडेल, आणि तुमच्या आकड्यांमध्ये ते विश्वास म्हणून दिसेल. नाकारण्याच्या कारणांना कोणीतरी उत्तरही द्यायला हवं. नाहीतर लोक ‘ओके’ लिहून मोकळे होतात.

सेन्सरचा डेटा मशीनबरोबर माणसाचंही सांगतो: मशीन किती वेळ रिकामं होतं, कोणाच्या पाळीत. हा डेटा हजेरी, बढती किंवा शिक्षेसाठी वापरणार की नाही, हे युनियनला आधीच लेखी कळवा. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात, जास्त जोखमीची यंत्रणा कामाच्या ठिकाणी वापरण्याआधी कामगारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना कळवणं मालकावर बंधनकारक केलं आहे. कायदा लागू असो वा नसो, एवढं करायला काय हरकत आहे?

स्क्रीनशिवायची एक फेरीही चालू ठेवा. यंत्रणा बंद पडेल त्या दिवशी हाताला सवय हवी. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये हीच धोक्याची सूचना दिली होती.

विश्वास मोजायला प्रश्नावली वाटू नका. किती खरे इशारे मानले आणि किती खोटे नाकारले, हे जॉब कार्डवरून काढा. सगळेच मानले जात असतील तर खूश होऊ नका, कोणीतरी न बघताच सही करतोय. आणि मॉडेलची नवी आवृत्ती आली की तिची तारीख हँडओव्हरच्या वहीत लिहा, सगळ्या पाळ्यांना सांगा आणि काही काळ पुन्हा मुकी चालवा. जुन्या आवृत्तीच्या खोडी लोकांनी पाठ केलेल्या असतात, नवीच्या खोडी वेगळ्या असतात.