आधी पाटीचा फोटो, मग वस्तूचा

संग्रहालयात किंवा जुन्या वास्तूत शिरलात की आधी माहितीच्या पाटीचा फोटो काढा, मग वस्तूचा. घरी आल्यावर कुठली मूर्ती कुठल्या दालनातली, हे हमखास विसरायला होतं. पाटी अनोळखी लिपीत असली तरी काढाच. भाषांतराची ॲप्स फोटोतला मजकूरही वाचतात. परदेशात वेगळा कॅमेरा नेलात तर उतरल्याबरोबर त्याचं घड्याळ स्थानिक वेळेवर लावा. फोन ते बहुधा स्वतःच करतो, कॅमेऱ्याचं आपल्याला बघावं लागतं; नाहीतर दोन्हींतले फोटो एकत्र केल्यावर क्रम पार बिघडतो. आणि नाटकाला शेजारी बसलेल्या आजींनी हलक्या आवाजात समजावलेलं कथानक? ते फोटोत येत नाही. त्याच रात्री, झोपण्याआधी, चार ओळींत उतरवा. मला तरी फोटोंहून हेच टिपण जास्त जवळचं वाटतं.