स्वप्रकाशित फँटसी, स्टीमपंक, व्हॅम्पायर कादंबऱ्या: मत देण्याआधी या चुका टाळा

स्वप्रकाशित कादंबरीवर दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. कुणी “प्रकाशकाने नाकारलेली असणार” असं गृहीत धरून चौथ्या पानावर ती मिटतो. कुणी “बिचाऱ्याने एकट्याने केलंय” म्हणत पाच तारे देऊन मोकळा होतो. दोघांनीही ती कादंबरी धड वाचलेली नसते. अॅमेझॉनच्या किंडलवरची इंग्रजी फँटसी असो किंवा प्रतिलिपी या संकेतस्थळावर भागाभागाने येणारी मराठी भयकथा, लिहिणाऱ्याला खरा वाचक हवा असतो. तसा वाचक व्हायचं असेल तर काही सवयी मोडाव्या लागतात.

पुस्तक कुणी काढलं यावरून त्याची लायकी ठरवणं

‘एरागॉन’ ही ड्रॅगनची कादंबरी २००२ मध्ये क्रिस्टोफर पाओलिनीच्या घरच्यांनीच छापली होती. पुढच्याच वर्षी क्नॉफ या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने काढली. अमांडा हॉकिंगने २०१० मध्ये आपल्या व्हॅम्पायर कादंबऱ्या स्वतःच किंडलवर टाकल्या. वर्षभरात तिची पुस्तकं दहा लाखांच्या वर विकली गेली आणि २०११ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेसने तिच्याशी वीस लाख डॉलरचा करार केला.

या उदाहरणांवरून हातातलं पुस्तक चांगलं आहे असं मात्र ठरत नाही. त्यातून कळतं ते इतकंच, की प्रकाशकाचं नाव नसणं हा पुरावा नाही, ना बाजूने ना विरुद्ध. अनेक लेखक प्रकाशकाकडे जातच नाहीत, कारण हिशोब त्यांना पटत नाही. २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या ई-पुस्तकावर किंडल लेखकाला ७० टक्क्यांपर्यंत रॉयल्टी देतं. मोठ्या प्रकाशकांकडे ई-पुस्तकाचा प्रचलित दर प्रकाशकाच्या हाती पडलेल्या रकमेच्या २५ टक्के आहे.

पैशाची ही बाजू वाचकानेही समजून घ्यावी, कारण पुस्तकाची ठेवण तिच्यामुळे बदलते. मालिकेचा पहिला भाग ९९ सेंटला दिसला की लोक तो हलका समजतात. ती किंमत मुद्दाम ठेवलेली असते, वाचकाने दुसऱ्या भागापर्यंत यावं म्हणून. वर्गणी भरून पुस्तकं वाचायच्या ‘किंडल अनलिमिटेड’ योजनेत जुलै २०१५ पर्यंत पुस्तकाचा दहावा हिस्सा वाचला गेला की लेखकाला पूर्ण मोबदला मिळत असे. त्यामुळे छोट्या छोट्या तुकड्यांच्या मालिका भराभर निघत होत्या. मग वाचलेल्या पानांवर पैसे सुरू झाले आणि जाडजूड पुस्तकांना, एकत्र बांधलेल्या संचांना बरे दिवस आले. मधली दोनशे पानं प्रवासातच गेली असतील, तर ती कथेची गरज होती का, हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर मात्र त्या पानांत शोधा. लेखकाच्या हेतूवर आरोप करून भागत नाही.

मुखपृष्ठ आणि ताऱ्यांची सरासरी बघून निकाल लावणं

मुखपृष्ठावरून पुस्तक कोणत्या प्रकारचं आहे ते कळतं. आतलं लेखन कसं आहे ते कळत नाही. उघड्या छातीचा नायक आणि मागे चंद्र असेल, तर ती व्हॅम्पायरची प्रेमकथा आहे. तिने भीतीने रात्रभर झोप उडवावी ही अपेक्षा चुकीची, आणि त्या कारणासाठी दोन तारे देणं त्याहून चुकीचं. फँटसी लेखक मार्क लॉरेन्स २०१५ पासून स्वप्रकाशित फँटसीची एक स्पर्धा चालवत आला. तिच्या जोडीला मुखपृष्ठांचीही स्पर्धा असे. २०२३ मध्ये तिथलं विजेतं चित्र एआयच्या मदतीने तयार केलेलं निघालं आणि मुखपृष्ठांची स्पर्धा बंद करण्यात आली. देखणं चित्र मिळवणं आता इतकं सोपं झालंय की त्यावरून लेखकाने पुस्तकावर किती कष्ट घेतले याचा अंदाज बांधता येत नाही.

ताऱ्यांचं म्हणाल तर सरासरी सोडा आणि तीन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचा. त्यांना काहीतरी आवडलेलं असतं, काहीतरी खटकलेलं असतं, आणि दोन्ही सांगायची त्यांची तयारी असते. प्रकाशनाच्या पहिल्या आठवड्यातले अभिप्राय बहुतेकदा आगाऊ प्रत फुकट मिळालेल्यांचे असतात. ते खोटे असतातच असं नाही, पण ते वाचक लेखकाचे आधीपासूनचे चाहते असण्याची शक्यता जास्त.

अडकलात, तर कशामुळे अडकलात ते न शोधणं

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही चूक. विकत घेण्याआधी वाचायला मिळणारी नमुन्याची पानं वाचताना मन लागेनासं झालं की आपण “जमलं नाही” म्हणून पुढे जातो. पण मन न लागण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातली काहीच लेखकाच्या माथी मारता येतात.

पहिल्या दहा पानांत पंधरा नावं आली, तीन राज्यं आली, दोन चंद्र आले आणि तुम्ही गोंधळलात, तर आधी बघा की त्या क्षणी पात्राला काय हवंय हे कळतंय का. ते कळत असेल तर नावं आपोआप बसतात, थोडं थांबा. ते कळत नसेल आणि लेखक नुसता राजवंशाचा इतिहास सांगत असेल, तर दोष लेखनाचा आहे. प्रस्तावनेतलं हजार वर्षांपूर्वीचं युद्ध कंटाळवाणं वाटलं तर सरळ पहिल्या प्रकरणावर जा. पुढे काही अडलं नाही, तर त्या प्रस्तावनेची गरज नव्हती, आणि हे अभिप्रायात लिहिण्याजोगं आहे. संवाद कृत्रिम वाटले तर एक पान मोठ्याने वाचा. दोन पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती केवळ आपल्यासाठी सांगत असतील, तर ते लगेच कानाला टोचतं.

आणि कधीकधी आपण चुकीच्या प्रकारात शिरलेले असतो. राजकारणाची फँटसी आवडणाऱ्याने गेमसारख्या पातळ्या आणि गुण मिळवत जाणाऱ्या नायकाची कथा घेतली तर तो वैतागणारच.

घाईच्या निकालाचं मोठं उदाहरण लॉरेन्सच्या त्याच स्पर्धेत आहे. सुमारे तीनशे पुस्तकं येत, ती दहा परीक्षक-गटांत वाटली जात. प्रत्येक गट आपल्या वाट्यातून एकच पुस्तक अंतिम फेरीत पाठवत असे. जोसाया बॅनक्रॉफ्टने २०१३ मध्ये स्वतः काढलेली ‘सेनलिन असेंड्स’ २०१६ च्या स्पर्धेत होती. बाबेलच्या मनोऱ्याशी गर्दीत बायको हरवते आणि तिला शोधत एक शाळामास्तर मजल्यामागून मजला चढत जातो, अशी ती स्टीमपंकच्या, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या कल्पित जगाच्या, वळणाची कथा. ती अंतिम फेरीत पोचली नाही. पण लॉरेन्सने ती वाचली, मनापासून वाखाणली, आणि पुढे ऑर्बिट या प्रकाशनसंस्थेने ती प्रकाशित केली. परीक्षक वाईट होते असं यात अजिबात नाही. तीसातून एक निवडताना चांगली पुस्तकंही मागे राहतात. आपण तर एकटे वाचक, आपल्यावर तीस पुस्तकांचा दाब नाही. मग नमुन्याच्या पलीकडची आणखी तीसेक पानं द्यायला काय हरकत आहे?

स्टीमपंकमध्ये फक्त गॉगल आणि दातेरी चाकं मोजणं

टोपीवर पितळी चाकं चिकटवली की स्टीमपंक झालं, असं काही लेखकांना वाटतं आणि वाचकही तेवढ्यावर खूश होतात. या प्रकाराचं नाव १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने सुचवलं. त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे: वाफेचं तंत्रज्ञान वेगळ्या वाटेने पुढे गेलं असतं तर माणसं कशी जगली असती? म्हणून कादंबरी जोखताना तिच्यातली यंत्रं काय खातात ते विचारा.

खरा इतिहास इथे फार उपयोगी पडतो. हेन्री जिफार या फ्रेंच अभियंत्याने २४ सप्टेंबर १८५२ रोजी वाफेच्या इंजिनावर एअरशिप, म्हणजे फुग्याच्या आधाराने तरंगणारं हवाई जहाज, उडवलं. ते पॅरिसहून सुमारे २७ किलोमीटर गेलं. लांबी ४४ मीटर आणि इंजिनाची ताकद फक्त ३ अश्वशक्ती! वाऱ्याविरुद्ध परत येणं त्याला जमलं नाही. बॉयलर, पाणी आणि कोळसा यांचं वजन हीच वाफेची खरी अडचण होती. आता कादंबरीतलं लोखंडी एअरशिप तोफा घेऊन महासागर ओलांडत असेल तर लेखकाने काहीतरी उत्तर द्यायला हवं. नवं इंधन असो, हलका धातू असो, जादू असो, काहीही चालेल. पण त्या उत्तराची किंमत कथेत कुणीतरी मोजलेली दिसली पाहिजे. इंधन संपतं का? कोळसा कोण ओढतं? बॉयलर फुटला तर कोण मरतं? बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा फायरमन एकाही पानावर दिसत नसेल तर ते जग सजावटीचं आहे.

वाफ चढावर किती दमते हे आपल्या भागाला चांगलं ठाऊक आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर चढ इतका अवघड होता की वाटेत गाडीची दिशा उलटी करायला खास स्थानक बांधावं लागलं होतं. आणि मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट हक्काने तपासावी. व्हिक्टोरियन लंडनच्या वैभवात कापूस कुठून येतो? अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईतून गाठीच्या गाठी गेल्या. साम्राज्याची चमक दाखवून त्याची वसाहत पूर्ण गायब करणारी कादंबरी अर्धंच जग उभं करते. ही उणीव परीक्षणात स्पष्ट नोंदवावी. इंग्रजी वाचकांच्या नजरेतून ती सुटून जाते.

व्हॅम्पायरला सिनेमाचे नियम लावणं

“हा दिवसाउजेडी फिरतो, म्हणजे लेखकाला व्हॅम्पायर माहीतच नाही.” हा आक्षेप सर्रास दिसतो आणि तो टिकत नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’मध्ये काउंट दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. त्या वेळी त्याच्या शक्ती कमी झालेल्या असतात, एवढंच. तो मरतो तेही खुखरीच्या आणि बोवी सुऱ्याच्या घावांनी. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होण्याची कल्पना ‘नोस्फेरातू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाने रूढ केली. फिकट, देखणा, उमराव व्हॅम्पायरही लोककथेतला नव्हे. जॉन पोलिडोरीच्या १८१९ च्या कथेने तो साहित्यात आणला. त्याआधी, १७३२ मध्ये, ऑस्ट्रियन लष्करी डॉक्टरांनी सर्बियातल्या मेदवेजा गावातली थडगी उघडून अहवाल लिहिला. त्यात आहेत ती साधी गावकरी माणसं, तोंडाला ताजं रक्त आणि न कुजलेली शरीरं.

तेव्हा नियम कोणते आहेत यावर वाद घालू नका, ते पाळले जातात का ते बघा. तिसऱ्या प्रकरणात निमंत्रणाशिवाय घरात न शिरणारा व्हॅम्पायर विसाव्या प्रकरणात खिडकी फोडून आत आला तर दोष पक्का. गणितही करून बघा. प्रत्येक व्हॅम्पायर महिन्याला एक नवा व्हॅम्पायर तयार करत असेल, तर एकापासून सुरू होऊन ३३ महिन्यांत त्यांची संख्या ८५० कोटींच्या पुढे जाते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून जास्त. चांगला लेखक यावर काहीतरी बंधन घालतो आणि बहुतेकदा त्याच बंधनातून कथानक निघतं.

दुसरी कसोटी वयाची. दोनशे वर्षं जगलेलं पात्र बोलतं कसं, कशाला कंटाळतं, कुणाकुणाचं मरण त्याने पाहिलंय? तो सतरा वर्षांच्या मुलासारखाच रुसत असेल तर अमरत्व नावापुरतं आहे. आणि असा दोनशे वर्षांचा पुरुष शाळकरी मुलीच्या मागे लागला असेल, तर त्या असमान नात्याची जाणीव कादंबरीला आहे का, हेही विचारा. मी या बाबतीत सूट देत नाही.

फँटसीतल्या जादूचंही बरंचसं असंच. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये मांडलेला नियम हाताशी ठेवण्यासारखा आहे: वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितकीच ती संकट सोडवायला वापरता येते. गूढ जादू वातावरणासाठी उत्तम. पण शेवटच्या लढाईत अचानक नवा मंत्र आठवला, तर फसवणूक झाल्यासारखं वाटणं रास्त आहे.

मुद्रणदोष आणि लेखनदोष एकाच खात्यात टाकणं

स्वप्रकाशित पुस्तकात मुद्रितशोधनाच्या चुका जास्त सापडतात, कारण तो खर्च लेखकाच्या खिशातून होतो. त्या चुकांवर बोलायला हवंच, वाचकाने पैसे दिलेले असतात. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, गळलेली अवतरणचिन्हं हा एक प्रकार. पात्राच्या डोळ्यांचा रंग मध्येच बदलणं, मेलेला सरदार पुढच्या प्रकरणात जेवायला बसणं हा दुसरा, तिथे संपादक नव्हता असं कळतं. आणि पात्राने निर्णय का घेतला हेच न समजणं हा तिसरा. पहिला प्रकार एका आठवड्यात दुरुस्त होतो, दुसरा एका फेरलेखनात. तिसऱ्यासाठी पुस्तकच पुन्हा लिहावं लागतं. अभिप्रायात हे वेगळं केलं नाही तर “खूप चुका आहेत” या वाक्यातून ना लेखकाला काही कळतं, ना पुढच्या वाचकाला.

अभिप्राय लिहिताना मालिका पूर्ण झाली आहे का, हा भाग अधांतरी संपतो का, आणि तुम्ही कितव्या पानावर थांबलात हे लिहा. अर्धवट वाचून मत द्यायला हरकत नाही, ते लपवायला आहे. उदाहरण द्या, पण रहस्य फोडू नका. लेखक ओळखीचा असेल तर तसं सांगा. आणि पुस्तक कोणत्या महिन्यात वाचलं तेही नोंदवा. ई-पुस्तकाची सुधारित प्रत लेखक कधीही चढवू शकतो. तुम्ही दाखवलेल्या चुका पुढच्या वाचकाला कदाचित दिसणारही नाहीत. मुद्रणदोषांची यादी लांब असेल तर ती अभिप्रायात न टाकता लेखकाला सरळ पाठवा. किंडलवर वाचतानाच चूक कळवण्याची सोय आहे, तीही वापरता येते.