वस्तीत कला घेऊन जाताय? या चुका टाळा

भिंत रंगवून होते, उद्घाटन होतं, फोटो निघतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच चित्रावर क्लासची पोस्टरं चिकटलेली असतात आणि कलाकार म्हणतात, "लोकांना कदरच नाही." मला हे पटत नाही. लोकांना बोलावलं जातं तेव्हा ठरवण्यासारखं बहुधा काहीच शिल्लक नसतं. चित्र ठरलेलं, रंग आणलेले, अहवालाची तारीखही पक्की. लोकांच्या वाट्याला उरतं ते आखलेल्या रेघांत रंग भरणं.

आराखडा आधी, माणसं नंतर

मुंबईच्या चित्रकार नवज्योत अल्ताफ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बस्तरमधल्या कोंडागावला गेल्या आणि शांतीबाई, राजकुमार कोर्राम अशा तिथल्या कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. त्यांच्या 'नलपार' या कामाचा विषय काय, तर हातपंपाभोवतीची जागा. पाणी भरणं बायकामुलींच्या गळ्यातलं काम, म्हणून रचना त्यांच्या अंगमेहनतीतून निघाली. सांडपाण्याला वाट हवी, पाय ठेवायला कोरडी जागा हवी आणि भरलेलं भांडं डोक्यावर घेण्याआधी टेकवायला मधल्या उंचीवर आधार हवा, म्हणजे जमिनीपासून डोक्यापर्यंतचा भार एका दमात उचलावा लागत नाही. हे स्टुडिओत बसून सुचत नाही.

म्हणून पहिले काही आठवडे चित्र काढूच नका. पाणी कधी येतं, पोरं कुठे खेळतात, कुठल्या बोळातून बायका रात्री जात नाहीत, हे बघा. आणि निधी देणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा की काय बनेल ते आत्ता सांगता येणार नाही. हे बोलणं अवघड जातं, पण ते टाळलं की पुढचं सगळं बिघडतं.

प्रयोगानंतर "काही प्रश्न?" विचारणं

पथनाट्य संपतं, कुणीतरी माइक पुढे करतं आणि लोक चपला शोधू लागतात. चर्चेला बसायचं तर नाटकातच फट हवी. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल सांगत तो पेरूमधला किस्सा इथे उपयोगी आहे. प्रेक्षकांतल्या एका बाईने सुचवलेलं नटांना मनासारखं करता येईना, तेव्हा ती स्वतःच मंचावर चढली. प्रेक्षक स्वतः मंचावर येऊन प्रसंग बदलून बघतात ते फोरम थिएटर याच वाटेने वाढलं. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही नाट्यसंस्था गावोगाव ते करते आहे.

इथे नेमकं काय चुकतं तेही सांगते. बाप मुलीची शाळा बंद करतो असा प्रसंग आहे असं समजा. प्रेक्षकांतून कुणी उठतं, बापाच्या जागी उभं राहतं आणि म्हणतं, "जा बाळ, शिक." टाळ्या पडतात, आणि नाटक तिथेच मरतं, कारण घरातला बाप असा एका वाक्यात बदलत नाही. म्हणून प्रेक्षकाला मुलीच्या जागी उभं करा, आईच्या जागी करा. बाप करणाऱ्या नटाने मात्र अडून बसायचं. पहिला उपाय फसला की मागून दुसरी म्हणते, "मावशीला मध्ये घाल." आता खरी चर्चा सुरू होते. सूत्रधाराने बरोबर-चूक सांगायचं नाही, फक्त विचारायचं : "हे आपल्याकडे होईल का?"

मंडळाचा अध्यक्ष म्हणजे वस्ती नव्हे

परवानगीसाठी त्याला भेटावंच लागतं. पण तेवढ्यावर थांबलात तर भाडेकरू, नव्याने आलेली कुटुंबं आणि तरुण मुली तुमच्या बैठकीत कधीच दिसणार नाहीत. संध्याकाळी सातची बैठक म्हणजे स्वयंपाकाची वेळ, हेही लक्षात घ्या. दुपारी दारात बसून पंधरा मिनिटं बोललात तरी जास्त हाती लागतं.

श्रेय आणि पैसे

दिवसभर राबणाऱ्याला मजुरी द्या, नुसतं प्रमाणपत्र नको. फलकावर नावं लिहायची तर सगळ्यांची, त्यांना विचारून.

भिंत नीट न बघणं

रंगाचे पोपडे निघाले की दोष ब्रँडला दिला जातो. बहुतेकदा आत ओल असते किंवा जुना सुटा चुना न खरवडताच वर रंग चढवलेला असतो. पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण वाळू द्या, खरवडा, प्रायमर लावा, मगच बाहेरच्या भिंतीचा रंग. पाइप गळत असेल तर आधी प्लंबर बोलवा. उरलेले रंग सोबत परत नेऊ नका. डब्यांवर छटेचं नाव लिहून ते वस्तीतच कुणाकडे तरी ठेवा, आणि चित्र बदलावंसं वाटलं तर तुम्हाला न विचारता बदलायची मुभा आहे, हे निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर सांगा.