थंडीतली पालेभाजी: पेंडीवर नको, किलोवर बोला

भोगी जवळ आली की मेथी, शेपू, पालक, चाकवत सगळंच एकदम बेळगावच्या बाजारात उतरतं. दर वधारला की पेंडी बारीक होते, पडला की तीच पेंडी दोन हातांत मावत नाही. दारावरच्या विक्रीला हे चालून जातं. पण खानावळीची किंवा लग्नाच्या जेवणाची ऑर्डर घेत असाल तर बोलणी किलोवर करा, आणि माल मुळासकट द्यायचा की मूळ कापून, हेही आधीच ठरवा. मुळासकट मेथी निवडली की साधारण निम्मीच हाती लागते. पालकात घट कमी.

वाटीचं माप तर फारच फसवं. पालकाची सैल भरलेली सहा वाट्या पानं शिजून जेमतेम एक वाटी होतात. दाबून भरली की हिशेबच बदलला. आचारी 'एवढ्या माणसांची भाजी' म्हणाला तर निवडलेला पाला किती किलो लागेल, तेवढं विचारून घ्या.

काढणी दव वाळल्यावर करा, नाहीतर ऊन उतरल्यावर. दवातली ओली मेथी बुट्टीत दाबून भरली की मधला थर तापतो. हात आत घालून बघा, कोमट लागेल. रात्रीत तिथली पानं काळी, चिकट होतात आणि चोर्ला घाट उतरून माल गोव्यात पोचेपर्यंत वास सुटतो. वजन वाढावं म्हणून पाणी मारणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. मुळं धुवायचीच तर विहिरीच्या किंवा बोअरच्या स्वच्छ पाण्याने, नाल्याच्या नको. नंतर सावलीत निथळू द्या. पेंडी सैल बांधा, वरून ओलं गोणपाट चालेल. पिकलेली केळी, टोमॅटो त्याच गाडीत शेजारी नकोत; त्यांच्या वायूने पाला पिवळा पडतो.

फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलावर दिलेले काढणीआधीचे दिवस भरू द्या, दर कितीही चढो.

गिऱ्हाइकालाही दोन शब्द सांगा: भाजी न धुता ठेवा, मुळं कापा, सुती कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. मेथी, पालक तीन-चार दिवस सहज निघतात. कोथिंबीर देठं पाण्यात बुडवून पेल्यात उभी ठेवली तरी चालते, फक्त पाणी रोज बदलायचं.