समाज मुळापासून नव्याने उभारायचाय? या चुका टाळा

अन्याय इतका मुरलेला असतो की डागडुजी करणं म्हणजे स्वतःची फसवणूक वाटू लागते. सगळं मोडून नव्याने मांडूया, असं वाटण्यामागचा तो संताप मला खरा वाटतो. तो वाया जाऊ नये म्हणूनच हे लिहितोय. असे प्रयत्न याआधी पुष्कळ झाले आणि बरेचसे त्याच त्या ठिकाणी अडखळले.

पाटी कोरी आहे असं धरून चालणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ब्रिटिश गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी समतेवर चालणारी वसाहत उभारण्यासाठी १८२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अख्खं तयार गाव विकत घेतलं. तिथे आधी सुमारे दहा वर्षं एक जर्मन धर्मपंथ सामाईक मालकीने राहत होता आणि गाव चांगलं भरभराटीला आलं होतं. घरं, कारखाने, शेतं ओवेन यांना आयती मिळाली, पण ती चालवणारे लोक निघून गेले. नव्या वसाहतीचं दार सर्वांना उघडं होतं. उत्साही माणसं शेकड्यांनी आली, मात्र कसलेले कारागीर आणि शेतकरी कमी पडले. घडी बसेना म्हणून नियम पुन्हा पुन्हा नव्याने लिहिले गेले. १८२७ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. इमारती त्याच होत्या, जमीनही तीच. कामातला हात आणि एकमेकांच्या सवयीचा भरवसा मात्र जुन्या लोकांबरोबर गेला होता.

म्हणून काहीही मोडण्याआधी एक यादी करा: पाणी कोण सोडतं, नोंदी कोण सांभाळतं, भांडण कोणाच्या शब्दावर मिटतं. यातलं बरंचसं कुठल्याच कागदावर सापडत नाही. त्या माणसांकडे जाऊन बसावं लागतं.

जाणत्यांना सरसकट घालवणं

इराकमध्ये मे २००३ मध्ये परकीय प्रशासनाने जुन्या सत्ताधारी पक्षाच्या वरच्या थरातल्या सदस्यांना सरकारी पदांवरून काढलं आणि सैन्य बरखास्त केलं. शस्त्रं चालवता येणारी लाखो माणसं एका फटक्यात बेरोजगार झाली. त्यातले काही पुढे सशस्त्र गटांत गेले. अनेक शिक्षकांच्याही नोकऱ्या गेल्या. निवाडा कृत्यावरून करा. नुसतं सदस्यत्व हा गुन्हा धरलात, तर शाळा आणि वीजकेंद्रं चालवायला माणसं उरणार नाहीत.

सगळं एकाच वेळी बदलणं

फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये नवी कालगणना आणली. आठवडा दहा दिवसांचा झाला, म्हणजे विश्रांतीचा दिवस सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. १ जानेवारी १८०६ पासून जुनी कालगणना परत आली. त्याच काळातले मीटर आणि किलोग्रॅम मात्र आज जगभर आहेत. प्रांतोप्रांती वेगळ्या मापांचा जाच लोक रोज सोसत होते. सात दिवसांच्या आठवड्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. बदलाचा क्रम अशा जाचावरून ठरवा. शिवाय दहा गोष्टी एकदम बदलल्या की नेमकी कोणती फसली, हेच कळेनासं होतं.

परतीची वाट बंद करणं

कंबोडियात १९७५ मध्ये सत्तेवर आलेल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाने शहरं रिकामी केली, चलन रद्द केलं. चार वर्षांपेक्षा कमी काळात अंदाजे १५ ते २० लाख माणसं मेली. शंका काढणंसुद्धा जिवावर बेतत होतं, त्यामुळे उपासमार दिसत असूनही धोरण फिरलं नाही. वाईट बातमी आणणारा माणूस सुरक्षित आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

‘हळूहळू’च्या नावाखाली चालढकल करणं

टप्प्याटप्प्याच्या सुधारणेची बाजू घेणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ही चूक स्वतःच्या दारात शोधावी. प्रत्येक टप्प्याला तारीख घाला आणि तोवरची झळ कोण सोसणार ते स्पष्ट लिहा. ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्यात मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड ठेवले होते. गुलामांना भरपाई काहीच नाही, उलट ‘शिकाऊ उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे आणखी काही वर्षं बिनपगारी राबणं. लोकांनी त्याविरुद्ध जोरदार चळवळ केली, तेव्हा ती मुदत संपण्याआधीच, १ ऑगस्ट १८३८ रोजी, रद्द करावी लागली.