टीव्हीवरील खगोल मालिकांतून आकाशदर्शनाकडे वळताना: या चुका टाळा

खगोलविषयक मालिका पाहून आकाशाची गोडी लागलेल्यांची संख्या मोठी आहे. बीबीसीचा ‘द स्काय ॲट नाइट’ हा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे आणि पॅट्रिक मूर यांनी तो २०१२ मध्ये निधन होईपर्यंत सादर केला. कार्ल सेगन यांची तेरा भागांची ‘कॉसमॉस’ ही मालिका १९८० ची, आणि आजही ती पाहून कोणी ना कोणी दुर्बिणीची चौकशी करू लागतो. आपल्याकडे २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे दूरदर्शनवरील थेट प्रक्षेपण आणि त्यावेळचे प्रा. यशपाल यांचे विवेचन अनेक मराठी घरांत अजून आठवणीने सांगितले जाते.

अडचण सुरू होते ती टीव्ही बंद करून इंदुरातील आपल्या गच्चीवर गेल्यानंतर. पडद्यावर पाहिलेले तिथे दिसत नाही, आणि मग दोष दुर्बिणीला, इंदूरच्या हवेला किंवा स्वतःच्या डोळ्यांना दिला जातो. वास्तविक कार्यक्रमातील चित्र बहुधा खरेच असते. फक्त ते दुसऱ्या ठिकाणाहून, दुसऱ्या वेळी आणि डोळ्यापेक्षा फार वेगळ्या साधनाने टिपलेले असते. हा फरक मनाशी मांडून घेतला नाही, तर पुढील चुका ठरलेल्या आहेत.

रंगीत तेजोमेघ दिसावा अशी अपेक्षा

तेजोमेघ म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीचा ढग. अवकाशातील हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातील वायुस्तंभांचे चित्र जवळजवळ प्रत्येक मालिकेत येते. त्यातील रंग हे गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रकाशासाठी वेगवेगळ्या गाळण्या वापरून घेतलेल्या प्रतिमांना नेमून दिलेले रंग आहेत, आणि त्यासाठी प्रकाश बराच वेळ साठवला गेला आहे. आपला डोळा प्रकाश असा साठवू शकत नाही. शिवाय मंद प्रकाशात डोळ्यातील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. त्यामुळे मृगातील तेजोमेघ हा आकाशातील अतिशय ठळक तेजोमेघ असूनही लहान दुर्बिणीतून राखाडी, फार तर किंचित हिरवट धुक्यासारखा दिसतो. देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे हे ऐकून उत्सुकता वाढते, पण नेत्रभिंगात (डोळा लावायच्या भिंगात) येतो तो एक लांबट, फिकट डाग. जे दिसते आहे ते इतक्या दुरून आलेल्या प्रकाशाचे प्रत्यक्ष दर्शन आहे हे आधी सांगितले, तर त्याच डागाकडे माणूस पाच मिनिटे पाहत राहतो. आधी सांगितले नाही, तर पाच सेकंदांत ‘एवढेच?’ म्हणून बाजूला होतो.

याला जोडूनच दुसरी चूक होते: कार्यक्रम संपताच थेट गच्चीवर जाणे. उजळ पडद्यावरून उठलेल्या डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मधूनच मोबाइल पाहिला की मिळवलेले सगळे जाते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधावा. फिकट वस्तू पाहताना नजर थेट तिच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी, कारण दृष्टिपटलाच्या मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात.

लंडनचे आकाश इंदुरात शोधणे

मला ही सर्वांत महत्त्वाची चूक वाटते, कारण तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे, इंदूर पावणेतेवीस अक्षांशाच्या जवळ. ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण अक्षांशाइतक्या अंशांवर दिसतो. म्हणून ब्रिटिश कार्यक्रमात निम्म्याहून अधिक उंचीवर दाखवलेला ध्रुव आपल्याला उत्तरेला बराच खाली शोधावा लागतो: हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची मानली, तर क्षितिजापासून सव्वादोन मुठी वर. शेजारी चार मजली इमारत असेल तर तो दिसणारच नाही. ब्रिटनमध्ये सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, त्यामुळे तिथले निवेदक बाराही महिने ‘आधी सप्तर्षी शोधा’ असे सांगू शकतात. इंदुरात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात आणि उत्तर दिशा शोधायला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा आधार घ्यावा लागतो.

उलट, जे आपल्या वाट्याला येते ते त्या कार्यक्रमांत नसतेच. वृश्चिकाची शेपटी लंडनच्या क्षितिजावर नीट येत नाही. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला, ढग येण्यापूर्वी, विंचू नांगीसकट संपूर्ण दिसतो. फेब्रुवारीच्या रात्री व्याध ताऱ्याच्या बऱ्याच खाली, दक्षिण क्षितिजापासून पंधरा अंशांच्या आतच अगस्त्य हा तारा चमकत असतो. ब्रिटनमधील निरीक्षकाला तो घरून कधीच दिसत नाही. परदेशी मालिकेलाच अभ्यासक्रम मानणारा नवशिका आपल्या आकाशातील या उत्तम गोष्टींकडे पाठ फिरवून बसतो, याची मला खंत वाटते.

ऋतूंचेही तसेच आहे. १२-१३ ऑगस्टच्या ययाती (पर्सिड) उल्कावर्षावाचा गाजावाजा परदेशी वाहिन्यांवर दरवर्षी होतो, पण माळव्यात तो भर पावसाळ्यात येतो आणि मुले निराश होऊन झोपतात. १३-१४ डिसेंबरचा मिथुन उल्कावर्षाव आपल्यासाठी कितीतरी सोयीचा आहे: आकाश कोरडे, रात्र मोठी आणि मध्यरात्रीनंतर मिथुन रास जवळजवळ डोक्यावर. थंडी मात्र असते, तेव्हा स्वेटर-कानटोपीची सोय करावी.

वेळ बदलून घ्यायलाही विसरू नये. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे साडेचार झालेले असतात, म्हणजे तारीखसुद्धा बदलते. त्यात भर म्हणून इंदूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे आहे. एखादा तारा ‘मध्यरात्री दक्षिणेला सर्वांत उंच’ असे सांगितले असेल, तर आपल्या घड्याळात ते साधारण बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी घडते. हा फरक नुसता ऐकून पटत नसेल, तर उज्जैनच्या वेधशाळेत जाऊन यावे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या आणि १९२३ मध्ये दुरुस्त झालेल्या त्या वेधशाळेतील सम्राट यंत्रावर सावलीवरून वेळ वाचून ती मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहता येते.

फिरता तारकानकाशा विकत घेताना त्यावरील अक्षांश पाहावा. पन्नास अंशांसाठी केलेला नकाशा इथे निरुपयोगी आहे. मोबाइलवरील स्टेलेरियमसारख्या ॲपमध्ये आपले ठिकाण इंदूर असे निवडावे.

जुना भाग पाहून ग्रह शोधणे

तारे वर्षानंतर त्याच तारखेला त्याच जागी येतात, ग्रह येत नाहीत. ज्या घरात पंचांग उघडले जाते तिथे हे नव्याने सांगायला नको: गुरू एका राशीत सुमारे एक वर्ष असतो आणि शनी अडीच वर्षे. तरीही यूट्यूबवर चार-पाच वर्षांपूर्वीचा भाग पाहून त्यात सांगितलेल्या जागी गुरू शोधणारे भेटतातच. नक्षत्रांसाठी जुना भाग खुशाल वापरावा, ग्रहांसाठी चालू वर्षाची माहिती घ्यावी.

शनीच्या बाबतीत तर त्याचे रूपच बदलते. मालिकांत त्याची कडी नेहमी रुंद उघडलेली दाखवतात. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या प्रतलातून गेली आणि कडी जवळजवळ रेषेसारखी झाली. आता ती हळूहळू उघडत असून २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. सध्या कडी बारीक दिसली तर दुर्बीण परत करायला दुकानात जाऊ नये.

वृत्तवाहिन्यांवरील ‘सुपरमून’ आणि ‘ग्रहांची परेड’ यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप ऑगस्ट २००३ मधील मंगळाच्या जवळिकीपासून दर ऑगस्टला फिरतो. त्या वेळीही मंगळ सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर होता आणि नुसत्या डोळ्यांना तो ठिपकाच दिसला होता.

खोक्यावरील आकडा पाहून दुर्बीण घेणे

‘५०० पट मोठे दाखवते’ असे लिहिलेले खोके दिसले की ते खाली ठेवावे. उपयोगी विवर्धनाची कमाल मर्यादा वस्तुभिंगाच्या (नळीच्या पुढच्या मोठ्या भिंगाच्या) मिलिमीटरमधील व्यासाच्या दुपटीइतकी धरतात. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटींच्या पुढे प्रतिमा मोठी होते, पण अधिक काही दिसत नाही. फक्त अंधार आणि थरथर वाढते. माझे मत विचाराल तर पहिली खरेदी ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) असावी; पहिला आकडा विवर्धनाचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये. कृत्तिका, चंद्रावरील मोठी विवरे आणि कठड्यावर कोपरे घट्ट टेकवली तर गुरूचे चार मोठे चंद्रही तिच्यातून दिसतात. वर्षभरानंतरही हौस टिकली तर दुर्बीण घ्यावी, आणि तेव्हाही नळीइतकेच लक्ष तिच्या बैठकीकडे द्यावे. डळमळत्या तिपाईवरील चांगले भिंग वाया जाते.

पौर्णिमेला चंद्र पाहणे

पडद्यावरील पूर्ण चंद्र देखणा असतो, पण दुर्बिणीतून पाहायला तो फार वाईट दिवस. सूर्यप्रकाश समोरून पडल्याने विवरांना सावल्याच नसतात. शुक्ल पंचमी ते दशमी या दिवसांत प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर डोंगर व विवरांच्या कडा उठून दिसतात. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी अमावास्येच्या आगेमागेचे दिवस राखून ठेवावेत. यासाठी भिंतीवरील दिनदर्शिका पुरते. चंद्रोदयाच्या वेळा मुंबईच्या असतील तर रेखांशातील सुमारे तीन अंशांमुळे इंदुरात चंद्र साधारण बारा मिनिटे आधी उगवतो आणि अक्षांशामुळे यात थोडा फरक पडतो. हिंदी भाषक शेजाऱ्यांशी बेत ठरवताना हेही लक्षात असू द्यावे की त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळे कृष्ण पक्षात तिथी एकच असूनही महिन्याचे नाव वेगळे येते. इंग्रजी तारीख सांगणे बरे.

सूर्य

यात प्रयोग नको. नेत्रभिंगाला लावायची काळी काच दुर्बिणीच्या उष्णतेने तडकू शकते आणि डोळा कायमचा जातो. एक्स-रेची फिल्म, काजळी लावलेली काच, गॉगल यांपैकी काहीही सुरक्षित नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधील लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास सूर्यग्रहण दिसेल, आणि वाहिन्या ते थेट दाखवतील. तिथे खग्रास स्थितीत लोक उघड्या डोळ्यांनी पाहत असतील. त्यांचे पाहून पश्चिम भारतातील खंडग्रास ग्रहण तसेच पाहू नये.

सर्व करूनही काही दिसत नसेल तर

आधी दिवसा, सूर्याच्या विरुद्ध दिशेला, दूरच्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण रोखावी आणि तीच टाकी नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीच्या मध्यावर येईपर्यंत तिचे स्क्रू फिरवावेत. ‘आकाशात काहीच सापडत नाही’ ही तक्रार बहुधा इथेच सुटते. रात्री सर्वांत कमी विवर्धनाचे नेत्रभिंग, म्हणजे ज्यावर मोठा आकडा आहे ते, लावावे. तारा बांगडीसारखा दिसत असेल तर फोकस साधलेला नाही. प्रतिमा उलटी दिसणे हा दोष नव्हे. खिडकीच्या काचेतून पाहू नये. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि ग्रह पाण्याखाली असल्यासारखा हलतो. अशा वेळी पहाट निवडावी किंवा अंगणात मातीवर बसावे.

शहरातील राजवाडा किंवा विजय नगरच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसणार नाही. तिथून चंद्र, ग्रह आणि जोडतारे पाहावेत. फिकट वस्तूंसाठी इंदूरबाहेरची जानापावची टेकडी चांगली, कारण इंदूर आणि पीथमपूरचा उजेड उत्तरेकडे व ईशान्येकडे राहतो आणि नर्मदेच्या बाजूचे दक्षिण आकाश त्या मानाने काळे मिळते. एकट्याने मात्र जाऊ नये.

मालिका पाहण्यासाठी पावसाळा राखून ठेवावा. प्रत्येक भागातून इंदुरातून दिसणारी एकच वस्तू निवडून ती कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कशातून दिसेल हे वहीत लिहून ठेवले, तर ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळे होताच काम सुरू करता येते. त्या चार महिन्यांत दुर्बीण आणि द्विनेत्री बंद कपाटात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात. भिंगांवर एकदा बुरशी धरली की घरी पुसून ती जात नाही.