मनगट जुळलं, पुढे काय?

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी मी पतंगाची फिरकी काखेत घेऊन धाब्यावरून (गच्चीवरून) उतरत होते. शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या, उजवा हात टेकला आणि मनगटातून कट्‌कन आवाज आला. सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं म्हणून घरी पाठवलं. दोन पायऱ्यांवरून पडून साठीच्या बाईचं मनगट का मोडावं, हे त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही. मीही नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात बावीस वर्षं मुलांचे डबे करते आहे, लाटणं पुन्हा कधी हातात येतंय एवढीच घाई होती.

हाडं ठिसूळ झालीत हे कळलं ते लोणच्याच्या बरणीमुळे. वरच्या फळीला पूर्वी हात पुरायचा, आता पाट लागायला लागला. भाचीने मला चौकटीला उभं करून टेप लावला: पाच फूट. लग्नाच्या वेळी पाच फूट दोन इंच लिहून दिली होती. त्यात अर्धा इंच वडिलांनी वाढवलेला धरा, तरी दीड इंच गेलाच कुठे? एक्स-रेत पाठीचा एक मणका चेपलेला निघाला. कधी चेपला, मला पत्ता नाही. दुखलं असेल तेव्हा बाम चोळून पोळ्या लाटल्या असतील.

तेव्हा पहिलं काम: पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं, किंवा उंची दीड इंचाने घटली, तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, मागून घ्या. आडवं पडायचं, वरून यंत्र फिरतं, दुखत काहीच नाही. उत्तर टी-स्कोरमध्ये येतं, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं कुठे आहेत तो आकडा. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा कण्याचा उणे २.९ होता. सोसायटीतल्या मोफत कॅम्पात टाचेला यंत्र लावून आकडा देतात, त्यावर निदान होत नाही. सोबत रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि किडनी बघतात, कारण हाडं झिजण्यामागे कधी दुसराच आजार असतो. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा.

आता माझं खातं, म्हणजे खाणं. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मला वाटायचं, मी रोज दोन पेले छास (ताक) पिते, झालं की! एका पेल्यात दही किती, हे एकदा वाटीने मोजलं. जेमतेम पाव वाटी, बाकी पाणी आणि जिरं. पन्नास-साठ मिलिग्रॅमच्या वर काही नाही. म्हणून आता दूध दोनशे मिलिलिटर दोनदा (साधारण ४८०), दही वाटीभर (दीडएकशे), नाचणीची एक भाकरी (पन्नास ग्रॅम पिठात सुमारे १७०), आणि न सोललेल्या तिळाची चटणी मोठा चमचाभर (नव्वदच्या आसपास). उरलेलं भाजी-डाळीतून. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. पापड, लोणचं, फरसाण यांचं मीठ कॅल्शियम लघवीवाटे बाहेर काढतं. बडोद्यात राहून शेव-उसळ सोडायची? मी सोडली नाही, महिन्यातून एकदावर आणली. डाळ, उसळ, चालत असेल तर अंडं दोन्ही जेवणांत हवं. हाडाला प्रथिनंही लागतात, नुसत्या कॅल्शियमने हाड होत नाही.

खाण्यातून भरत नाही तेवढंच गोळीतून घ्या. एका वेळी पाचशेच्या वर नको. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी मला आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली, मग महिन्याला एक. शेजारच्या बेन दर आठवड्याची पुडी वर्षभर घेत राहिल्या. मळमळ, बद्धकोष्ठ, रक्तात कॅल्शियम चढलेलं. पुडी कधी थांबवायची, ती तारीख लिहून घ्या.

हाडांची झीज रोखायला औषध मला अ‍ॅलेंड्रोनेट मिळालं, ७० मिलिग्रॅम, फक्त रविवारी. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि मग अर्धा तास ना चहा, ना आडवं पडणं. बिनचहाचा तो अर्धा तास हे या आजारातलं सगळ्यात कठीण काम. एका रविवारी गोळी घेऊन लगेच दारात रांगोळी काढायला वाकले. छातीत अशी आग झाली की दिवसभर ताक-भातावर होते. तेव्हापासून रांगोळी आधी, गोळी नंतर. गोळी सुरू करण्याआधी दात काढायचे असतील तर काढून घ्या. क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. गोळी सुरू असताना मांडीत किंवा जांघेत दुखायला लागलं तर लगेच सांगा. पाचेक वर्षांनी गोळीला सुट्टी द्यायची का, ते डॉक्टर ठरवतात. अ‍ॅसिडिटी फार असेल तर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड शिरेतून देतात, त्यानंतर एक-दोन दिवस अंग मोडून ताप येऊ शकतो. याच आजारावरचं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब इंजेक्शन मात्र मनाने लांबवू किंवा बंद करू नका, मणके पटापट चेपतात.

व्यायामाचं माझं पहिलं पाऊल चुकलं. योगवर्गात गेले, तिथे पश्चिमोत्तानासन. मणका चेपलाय सांगितलं तरी बाई म्हणाल्या, ‘हळूहळू होईल.’ पुढे वाकणं आणि कंबर पिळणं चेपलेल्या मणक्याला घातकच. सोडला वर्ग. आता रोज कमाटीबागेत अर्धा तास भराभर चालते, पण चालण्याने भागत नाही, हाडाला भार हवा. आठवड्यातून तीनदा: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं दहादा, भिंतीवर हात लावून ढकलणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, पोटावर झोपून छाती जराशी वर. दूध उतू जाईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली, मग एका पायावर उभं राहणं. (दूध दोनदा उतू गेलं.) पिठाचा डबा कंबरेतून वाकून नाही, गुडघे मोडून अंगाशी धरून उचलते. नवरात्रात रिंगणाच्या कडेने संथ बे-ताली (दोन टाळ्यांचा गरबा), गिरक्या आणि उड्या पोरींना.

न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, रात्री दिवा ठेवते, कडा उसवलेलं पायपुसणं फेकलं. रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येत असेल तर तेही सांगा.

दोन वर्षांनी डेक्सा परत केली, त्याच यंत्रावर. वेगळ्या यंत्राचे आकडे जुळत नाहीत. उणे २.९ चे उणे २.६ झाले. बरणी अजून खालच्याच फळीवर आहे. धाब्याच्या पायऱ्यांना कठडा लागला, या उत्तरायणाला फिरकी मीच धरली, खुर्चीवर बसून.